दुसरी डिश घाटापलीकडे टाका

केए बँडची (उपग्रहाशी 20-30 गिगाहर्ट्झच्या आसपास बोलणारी) लिंक पावसात बसली की पहिला हात ट्रान्समीटरच्या पॉवरकडे जातो. अपलिंकपुरतं, म्हणजे जमिनीवरून उपग्रहाकडे जाणाऱ्या सिग्नलपुरतं, ते ठीक आहे. पण उपग्रहाकडून येणारा 20 गिगाहर्ट्झचा सिग्नल ढगातच संपला, तर इथून काय वाढवणार? तेव्हा कोरड्या जागेवरचं दुसरं स्टेशनच लागतं.

हिशेब सोपा आहे. एक स्टेशन पावसामुळे वर्षातला 1 टक्का वेळ बंद राहतं असं धरा, म्हणजे जवळपास 88 तास. दोन्हीकडच्या पावसाचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची वेळ 53 मिनिटांवर येते. सगळं त्या ‘संबंध नसेल’वर अवलंबून आहे.

आमचं पहिलं स्टेशन नवी मुंबईत, दुसरं पनवेलच्या पुढे, मध्ये वीसेक किलोमीटर. वळवाला हे अंतर पुरतं, कारण त्याचा जोरदार भाग काही किलोमीटरचाच असतो. इकडे कोसळत असताना तिकडे रस्ता कोरडा. पण जुलैत झड लागली आणि दोन्हीकडचे बीकनचे (उपग्रह सतत पाठवतो त्या ठरावीक खुणेच्या सिग्नलचे) आलेख हातात हात घालून खाली गेले. कोकणातली झड वीस किलोमीटर मोजत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: अंतरापेक्षा पाऊस वेगळा आहे का ते बघा. दौंड-बारामतीकडे वर्षाला साधारण 500 मिलिमीटर पडतो, तोही बराचसा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संध्याकाळी, मुंबईचा ओसरत असताना. जागा घेण्याआधी तिथे मिनिटामिनिटाची नोंद ठेवणारा पर्जन्यमापक बसवा. दिवसाची बेरीज कामाची नाही. दिवसभर रिपरिप पडलेला 60 मिलिमीटर लिंकला जाणवतही नाही, तेवढाच अर्ध्या तासात पडला की लिंक गेली. सोबत बीकन रिसीव्हर निदान एक पावसाळा चालवा. 2014 साली सोडलेल्या जीसॅट-14 उपग्रहावर इस्रोने 20.2 आणि 30.5 गिगाहर्ट्झचे बीकन याच अभ्यासासाठी ठेवले होते.

स्विचिंगला, म्हणजे एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जाण्याला, दोन आकडे ठेवा. आम्ही सिग्नल 6 डेसिबल पडला की दुसऱ्या स्टेशनवर जातो, आणि घट 3 च्या आत सलग दहा मिनिटं राहिली तरच परततो. एकच आकडा ठेवलात तर लिंक सरीसरीला इकडून तिकडे उड्या मारेल. लांबच्या स्टेशनचा सिग्नल फायबरने येतो, आणि फायबरमध्ये 200 किलोमीटरला 1 मिलिसेकंद जातो. तेवढा उशीर जवळच्या बाजूला मुद्दाम घाला, नाहीतर दर बदलाला मोडेमचं लॉक, म्हणजे सिग्नलवरची पकड, सुटेल.

आणि सगळा दोष ढगाला देऊ नका. एकदा पाऊस थांबून पाव तास झाला तरी बीकन वर येईना. ट्रान्समीटर बंद करून शिडी लावली, तर फीडच्या (डिशसमोरच्या, सिग्नल झेलणाऱ्या नळीच्या) तोंडावरच्या पडद्यावर पाण्याचा पातळ थर बसलेला. मऊ फडक्याने टिपला आणि आलेख दोन डेसिबल वर सरकला. पडद्यावर पाणी न ठरू देणारा लेप दर मे महिन्यात द्या.

शेवटचं काम फायबरचं. ज्या पावसात दुसरं स्टेशन हवं, त्याच पावसात घाटात दरड येते आणि केबल तुटते. एक मार्ग बोरघाटातून घेतलात तर दुसरा कसाऱ्याकडून घ्या. नकाशावर विसंबू नका, दोन्ही मार्गांवर स्वतः फिरून या. वेगळ्या दिसणाऱ्या दोन केबल शहराच्या वेशीवर एकाच पुलाखालून जाताना मी पाहिल्या आहेत.