कागदपत्रं हजर करण्याचा अर्ज फेटाळला? अपिलाआधी हुकूम नीट वाचा

वाटणीच्या दाव्यातल्या एक ताई माझ्या साताऱ्याच्या वकिलीच्या ऑफिसात आल्या त्या रडतच. वडिलांच्या दुकानाच्या खतावण्या आणि बँकेचं पासबुक भावाकडे होतं. ते हजर करून घ्यायचा आमचा निशाणी ४२ चा (म्हणजे दाव्याच्या फाइलीत ४२ क्रमांक पडलेला) अर्ज कोर्टानं फेटाळला होता. "मॅडम, उद्याच अपील टाका." मी म्हटलं, ताई, आधी हुकमाची प्रमाणित नक्कल येऊ दे.

नकलेचा अर्ज हुकूम झाला त्याच दिवशी द्या. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला मुदत ३० दिवसांची; नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज दिल्यापासूनचेच.

नक्कल हातात आली की हुकूम कोणत्या नियमाखाली झालाय ते बघा. सगळा खेळ तिथेच आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ मध्ये नियम १२ कागदपत्रं उघड करण्याचा, म्हणजे आपल्याकडे कोणती आहेत ते शपथेवर सांगण्याचा, तर नियम १४ ती कोर्टात हजर करण्याचा. या दोन्हींखालच्या हुकमावर अपील नाही, अर्ज मंजूर होवो की नामंजूर. अपील कशावर चालतं याची यादी आदेश ४३ मध्ये आहे आणि तिथे आदेश ११ मधला एकच नियम आहे, २१ वा. म्हणजे कोर्टाचा हुकूम पाळला नाही म्हणून वादीचा दावा काढून टाकला किंवा प्रतिवादीचा बचाव रद्द केला, तर अपील. तशी वेळ आली असेल तर बब्बर सूइंग मशीन (१९७८) हा निकाल जोडा: जाणूनबुजून हुकूम मोडला असेल तरच, आणि शेवटचा उपाय म्हणून, एवढी कडक शिक्षा.

ताईंचा अर्ज नियम १४ चा होता. अपील नाही. २००२ च्या दुरुस्तीनंतर अशा अंतरिम (दावा चालू असतानाच्या) हुकमावर पुनरीक्षणही, म्हणजे उच्च न्यायालयाकडे रिव्हिजनही, चालत नाही. उरतो तो राज्यघटनेचा अनुच्छेद २२७, म्हणजे उच्च न्यायालयात रिट याचिका. साताऱ्याची प्रकरणं ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात.

वर जाण्याआधी पक्षकाराला मी एकच विचारते: हा कागद दुसरीकडून मिळेल का? पासबुकाचं काम बँकेच्या खातेउताऱ्यानं भागतं. कोर्टाकडून तसा हुकूम घेतला की बँकेचा प्रमाणित उतारा कोर्टात येतो. तेवढ्यासाठी महिने घालवू नका. खतावण्या मात्र फक्त भावाकडेच होत्या, म्हणून याचिका केली तेवढ्यापुरतीच.

याचिकेत "हुकूम चुकीचा आहे" एवढं लिहून भागत नाही. २२७ मध्ये पुरावा नव्यानं तोलत नाहीत. कायद्याची उघड चूक दाखवावी लागते. आमच्या हुकमात लिहिलं होतं, "खतावण्या पुराव्यात ग्राह्य ठरणार नाहीत." एवढंच कारण. एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर (१९७२) मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की कागदपत्रं उघड करायला ती पुराव्यात ग्राह्य असण्याची गरज नाही, वादाच्या मुद्द्यावर प्रकाश पाडणारी असली की पुरे. मी ते वाक्य हुकमातल्या वाक्यासमोर ठेवलं.

स्थगितीचा अर्ज वेगळा द्या. नुसती याचिका दाखल केल्यानं खालचा दावा थांबत नाही, आणि साक्ष संपली की याचिकेत फारसा जीव उरत नाही.

वर गेला नाहीत तरी ती नक्कल जपून ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०५ प्रमाणे हुकूमनाम्यावरच्या (दाव्याच्या अंतिम निकालावरच्या) अपिलात हाच मुद्दा घेता येतो, मात्र त्या चुकीचा निकालावर परिणाम झाला हे दाखवावं लागतं. म्हणून अपिलाच्या मेमोमध्ये निशाणी ४२ चा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात, तारखेसकट लिहा.