टेम्पररी पेसिंग: सी-आर्म नसताना बलून लीड कशी बसवावी

कम्प्लीट हार्ट ब्लॉक (हृदयाच्या वरच्या कप्प्याचा, एट्रियमचा, विद्युत-संकेत खालच्या कप्प्यापर्यंत, व्हेंट्रिकलपर्यंत, पोचतच नाही), नाडी तिशीत, बीपी पडलेलं, नाडी वाढवणाऱ्या ॲट्रोपिनला दाद नाही. अशा वेळी शिरेतून हृदयात तात्पुरती विजेची तार, म्हणजे लीड, बसवून ठोके चालवतात; हेच टेम्पररी पेसिंग. सी-आर्म (लीड सरकताना दाखवणारं एक्स-रे यंत्र) हाताशी नसेल तर आयसीयूत बलून लीड, म्हणजे टोकाशी छोटा फुगा असलेली लीडच कामी येते. पण ती रक्ताच्या प्रवाहावर वाहत पुढे जाते; हृदय थांबलेलं असेल तर बलून फुगवून उपयोग नाही. लीड बसेपर्यंत छातीवरच्या पॅडने पेसिंग चालू ठेवा.

पहिली पसंती मानेतल्या उजव्या इंटर्नल जुग्युलर शिरेला, तिथून उजव्या व्हेंट्रिकलची वाट सरळ आहे. डावी सबक्लेव्हियन (कॉलरबोनखालची शीर) शक्यतो राखून ठेवा, कायमचा पेसमेकर बहुधा तिथूनच बसतो. थ्रोम्बोलिसिस (गुठळी विरघळवणारं औषध देणं) झालं असेल तर कुठल्याच सबक्लेव्हियनला हात लावू नका. रक्तस्राव झाला तर तिथे दाबता येत नाही. जांघेतल्या फेमोरल शिरेत शिरणं सोपं, पण एक्स-रे स्क्रीनिंगशिवाय लीड ट्रायकस्पिड झडपेपार नेणं जिकिरीचं.

5 फ्रेंच लीडला 6 फ्रेंच शीथ (शिरेत बसवायची नळी; फ्रेंच हे जाडीचं माप) लावा. प्लॅस्टिकची निर्जंतुक बाही लीडवर आधीच ओवा, हे हमखास विसरलं जातं. बलून सलाइनच्या वाटीत बुडवून दीड सीसी हवेने तपासा. बुडबुडे आले तर लीड बदला. टोकाचा इलेक्ट्रोड पेसमेकरच्या निगेटिव्हला, मागचा पॉझिटिव्हला. डिमांड मोड (स्वतःचा ठोका नसेल तेव्हाच पेसिंग), रेट 80. आउटपुट 5 मिलिअँपिअर, पेशंट कोसळत असेल तर थेट 20.

साधारण 20 सेंमीच्या खुणेवर टोक शीथबाहेर पडलेलं असतं. तिथे बलून फुगवा, लॉक करा आणि मॉनिटरवर नजर ठेवून सावकाश पुढे सरका. प्रत्येक स्पाइकमागे (पेसमेकरच्या झटक्याची उभी रेघ) रुंद, एलबीबीबीसारखा (लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक) क्यूआरएस, म्हणजे ईसीजीतली व्हेंट्रिकलच्या ठोक्याची लाट, आला की बलून रिकामा करून लीड एखादा सेंमी पुढे टेकवा. हे बहुतेकदा 35 ते 40 सेंमीच्या आसपास जमतं. 50 सेंमी गेली तरी कॅप्चर (झटक्यामागे ठोका पडणं) नाही, म्हणजे लीड एट्रियममध्ये गुंडाळली गेली किंवा खाली आयव्हीसीत (पोटाकडून येणारी महाशीर) उतरली. बलून रिकामा करा, 20 वर या, लीड थोडी फिरवून पुन्हा जा. फुगलेला बलून मागे ओढला तर ट्रायकस्पिड फाटू शकते. क्यूआरएस आरबीबीबीसारखा (राइट बंडल ब्रांच ब्लॉक) दिसला तर लीड कोरोनरी सायनसमध्ये (हृदयाची स्वतःची शीर) किंवा भिंत भेदून गेल्याची शंका घ्या.

मॉनिटर नुसत्या स्पाइकलाही ठोका समजून 80 दाखवतो. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका; फेमोरल नाडी हाताला लागली पाहिजे किंवा सॅच्युरेशनची लाट त्याच तालात उठली पाहिजे.

आता आउटपुट उतरवत जा. कॅप्चर सुटण्याआधीचा सर्वांत कमी आकडा म्हणजे थ्रेशोल्ड. तो 1 मिलिअँपिअरखाली असावा. आउटपुट त्याच्या दोन-तीन पट ठेवा. लीड टाक्याने बांधा, सेंमीची खूण केसपेपरवर लिहा, एक्स-रे काढा, जादा बॅटरी खाटेजवळ ठेवा.

थ्रेशोल्ड रोज तपासा. तो अचानक चढला, उचकी लागली किंवा पोट स्पाइकच्या तालावर उडू लागलं, तर लीड आरपार गेली असं धरून लगेच इको करा. पेरिकार्डियममध्ये (हृदयाभोवतीचं आवरण) रक्त साचत असेल तर लीड ओढण्याआधी सर्जनला बोलवा.