दीड लाख किलोमीटर चाललेली बीएमडब्ल्यू स्वस्तात मिळतेय? या चुका टाळा

नवी असताना चाळीस लाखांच्या घरात असलेली बीएमडब्ल्यू ५२०डी आज जुन्या बाजारात नव्या क्रेटाच्या किमतीत, कधी त्याहूनही कमीत मिळते. 'एवढ्यात बीएमडब्ल्यू!' म्हणत लगेच टोकन देऊन मोकळे होणारे पुष्कळ. गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्ट्सची उतरत नाही. इंजेक्टर, हेडलाइट, गिअरबॉक्स, सगळं आजही चाळीस लाखांच्या गाडीचंच.

मीटरवरून भाव ठरवणं

मीटरवर एक लाख साठ हजार किलोमीटर दिसले की लोक दचकतात आणि पंचावन्न हजारवाल्या गाडीकडे वळतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर धावलेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी अंधेरी-बीकेसीच्या ट्रॅफिकमध्ये रांगलेल्या गाडीपेक्षा बरेचदा धडधाकट निघते. डिझेलला तर हे जास्तच लागू. डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जळायला गाडी थोडा वेळ सलग वेगात पळावी लागते. नुसतं शहरात फिरवलं तर फिल्टर तुंबतो.

शिवाय ते पंचावन्न हजार खरे कशावरून? मीटर मागे फिरवणारे गल्लोगल्ली आहेत. सुदैवाने या गाड्यांत किलोमीटरची नोंद एकाच जागी नसते. इतर कंट्रोल युनिट्समध्येही (गाडीतल्या छोट्या संगणकांत) आकडे राहतात, त्या काळातल्या बीएमडब्ल्यूच्या तर किल्लीतसुद्धा. जाणकार गॅरेजवाल्याकडून स्कॅनर लावून ते ताडून घ्या. मालकाला सोबत घेऊन चासी नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची हिस्टरी काढा. नोंदी सत्तर हजारांवर थांबल्या असतील तर पुढच्या सर्व्हिसची बिलं मागा. आणि स्टिअरिंग गुळगुळीत, ब्रेक पेडलचं रबर झिजलेलं, ड्रायव्हर सीटची कड बसलेली असताना मीटरवर पंचावन्न हजार असतील, तर तिथेच नमस्कार करून निघा.

गरम इंजिनवर ट्रायल घेणं

तुम्ही पोचायच्या आधीच गाडी चालू करून ठेवली असेल तर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर 'उद्या सकाळी येतो' म्हणा. रात्रभर थंड झालेली गाडी तुमच्यासमोर सुरू झाली पाहिजे. २०१४ पर्यंतच्या बहुतेक ५२०डीमध्ये एन४७ इंजिन आहे आणि त्याची टायमिंग चेन (इंजिनच्या आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारी साखळी) हे प्रसिद्ध दुखणं. चेन झिजली की थंड स्टार्टला इंजिनच्या मागच्या बाजूने खरखर येते. ती बसवलीय गिअरबॉक्सच्या बाजूला, त्यामुळे बदलायची तर अर्धी गाडी उघडावी लागते. आणि तुटली, तर इंजिनच गेलं समजा.

गिअरबॉक्सचं ऑइल 'लाइफटाइम' असतं, बदलावं लागत नाही, असं विक्रेता ठासून सांगेल. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी मात्र साधारण ८० हजार ते एक लाख २० हजार किलोमीटरला ते बदलायला सांगते. दीड लाखाच्या गाडीत ते कधी बदललं, याचं बिल दाखवा म्हणावं.

ऑडी क्यू७ किंवा मर्सिडीज एस-क्लाससारखी एअर सस्पेन्शनची (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली) गाडी बघत असाल तर सकाळी आधी लांबून बघा. एक कोपरा खाली बसलेला दिसला म्हणजे हवा गळतेय, आणि ती गळती भरून काढता काढता हवा भरणारा कॉम्प्रेसरही जायच्या वाटेवर असतो.

दिल्लीची गाडी डोळे झाकून घेणं

राष्ट्रीय हरित लवादाचा (एनजीटी) २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उचलून धरला आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसर बंद झाला. तेव्हापासून तिथल्या आलिशान गाड्या आपल्याकडे मातीमोल भावात येऊ लागल्या; २०२५ मध्ये न्यायालयाने ही सक्ती काहीशी सैल केली. पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), महाराष्ट्रातला रोड टॅक्स आणि नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीच ओसरते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तेही बघा.

सगळे पैसे खरेदीतच घालणं

माझा ठोकताळा असा, की किमतीच्या किमान पाव हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला हवा. ती रक्कम कर्जातून काढावी लागणार असेल तर ही गाडी तुमच्यासाठी नाही. घरात ही एकच गाडी असणार असेल तरीही नाही, कारण पार्टची वाट बघत ती आठवडाभर गॅरेजात पडून राहू शकते. तुमच्या शहरात या गाड्यांवर हात बसलेला स्वतंत्र मेकॅनिक आहे का, हे गाडी बघायला जाण्याआधी विचारा. सांगली-लातूरकडे असाल तर हा प्रश्न पहिला. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून ओढत नेता येत नाही, गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवावा लागतो, आणि पुण्यापर्यंतचं त्याचं भाडं तुमच्याच खिशातून जातं.