सर्टिफिकेटं अकरा, काम शून्य: कॉलेजात करिअरची तयारी करताना या चुका टाळा

मी भोसरीतल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत खरेदी विभागात आहे. दरवर्षी नव्या मुलांच्या मुलाखतींना मलाही बसवतात, कारण त्यातली एक-दोन मुलं शेवटी माझ्याच शेजारच्या टेबलावर येणार असतात. पुण्यातल्या सगळ्या कॉलेजांतून मुलं येतात. इंजिनिअरिंगची जास्त, पण बीकॉम-बीएस्सीचीही असतात, आणि चुका साधारण सगळ्यांच्या त्याच. बहुतेक चुका मुलाखतीच्या दिवशी होत नाहीत, दोन-तीन वर्षं आधीच होऊन गेलेल्या असतात.

सर्टिफिकेटांचं रुखवत

मागच्या खेपेला एका मुलाने फोल्डर उघडून टेबलावर अकरा सर्टिफिकेटं ओळीने मांडली, रुखवत मांडावं तशी. त्यात एक 'ॲडव्हान्स्ड एक्सेल'चं होतं. आम्ही मुलाखतीत लॅपटॉपवर एक छोटी शीट देतो: साठेक सप्लायरांची नावं, गाव, मागच्या महिन्याचं बिल. गावाच्या रकान्यात मुद्दाम घोळ घातलेला असतो. चाकण दोन वेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलेलं, एखाद्या ठिकाणी नुसतं 'चाकण एमआयडीसी'. प्रश्न एवढाच, की चाकणच्या सप्लायरांचं एकूण बिल किती?

त्याने फिल्टर लावला, पहिल्या 'चाकण'वर टिक केली, बेरीज करून आकडा सांगितला. आकडा चुकला याचं मला काही नाही. पण फिल्टरच्या यादीत तीन-तीन चाकण समोर दिसत असताना त्याला शंकासुद्धा आली नाही, हे खटकलं. त्याचा तरी काय दोष? कोर्समध्ये मिळणारा डेटा निवडून-चिरून ठेवलेल्या भाजीसारखा असतो. कंपनीत मातीसकट जुडी हातात येते.

यावर उपाय बारावा कोर्स नाही. एकच काहीतरी शिका आणि ते खऱ्या माणसाच्या कामाला लावा. मामाच्या दुकानाची उधारी, सोसायटीचा मेंटेनन्स, मेसवाल्या काकूंचा डब्यांचा हिशेब. महिनाअखेरीला काकू विचारतील, "अरे, याचे चार खाडे होते, ते कुठे धरलेस?" तिथे तुमची शीट मोडेल आणि ती दुरुस्त करताना खरं एक्सेल येईल. प्रोग्रामिंगवाल्यांनाही हेच. इंटरनेटवर बघून केलेलं फूड डिलिव्हरी ॲप प्रत्येक बॅचमध्ये निम्म्यांकडे असतं. तुमचं एक तरी काम दुसऱ्या कुणी वापरलंय का, मी तेवढंच विचारते.

कोर्स करायचाच तर सरकारच्या स्वयम पोर्टलवर एनपीटीईएलचे करा. आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चरं फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. तिला ७५ टक्के आणि आठवड्याच्या असाइनमेंटना २५ टक्के वजन असतं. त्यामुळे ते सर्टिफिकेट मी दोन सेकंद जास्त बघते.

'१०० टक्के प्लेसमेंट'ची पाटी

इथे मी स्वतः फसले आहे. शेवटच्या वर्षाला असताना बाबांनी एफडी मोडून एका क्लासची फी भरली. पाटीवर प्लेसमेंटची हमी होती, पावतीवर मात्र बारीक अक्षरात 'प्लेसमेंट असिस्टन्स' छापलेलं होतं. त्या असिस्टन्सखाली मला वर्षभरात तीन ईमेल आले. त्यातल्या दोन जागा रविवारच्या पेपरात आधीच येऊन गेल्या होत्या.

पैसे भरण्याआधी मागच्या बॅचच्या दोन मुलांशी बोलायला मागा. क्लासने भिंतीवर लावलेल्या फोटोंतली नकोत, हजेरीच्या यादीतून तुम्ही बोट ठेवाल ती. तिथे काउन्सेलर गडबडले की समजा. आणि "डिस्काउंट आजच्यापुरताच" याचा अर्थ तुळशीबागेत खरेदी केलेल्या कुणालाही विचारा.

एम-थ्री राहू देणं

एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताचा तिसरा पेपर. याबद्दल फार लिहायची गरज नाही, पण दरवर्षी मुलं याच्यावरच अडतात. अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्रीला ६० टक्क्यांची अट लावतात आणि विषय राहिलेला चालत नाही. एटीकेटीवर पुढच्या वर्गात जाता येतं म्हणून एम-थ्री मागे ठेवलं, की प्लेसमेंटच्या वेळी नाव यादीतच येत नाही. मग मी तुम्हाला भेटणार कुठे? आधी तो विषय काढा, बाकी सगळं नंतर.

केलेलं काम 'छंद' या रकान्यात टाकणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण इथे मुलांकडे माल असतो आणि ती तो लपवतात.

एका मुलीच्या बायोडेटात 'टीमवर्क, लीडरशिप, टाइम मॅनेजमेंट' असं नेहमीचं सगळं होतं आणि शेवटी छंदात एक शब्द: नाटक. मी सहज विचारलं, काम करतेस? "नाही मॅडम, मी बॅकस्टेजला. पुरुषोत्तमला." पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, पुण्यात कॉलेज केलेल्या माणसाला त्याबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. म्हटलं, बॅकस्टेजला म्हणजे नक्की काय केलंस ते सांग.

मग ती पंधरा मिनिटं थांबेना. जुनी लोखंडी ट्रंक हवी होती ती जुन्या बाजारात मिळाली, पण विकणारा भाड्याने द्यायला तयार नव्हता. मग विकत घेऊन प्रयोगानंतर त्यालाच परत विकायचं ठरवलं. टेम्पोवाल्याला आधी निम्मेच पैसे दिले, कारण आदल्या वर्षी पूर्ण दिले आणि तो उशिरा आला. कॉलेजकडून पैसे वेळेत आले नाहीत, तेव्हा कुणी किती घातले ते एका वहीत मांडलं. भरत नाट्य मंदिरात सेट लावताना कुठली वस्तू कुणी उचलायची, याचा कागद विंगेत चिकटवला. सप्लायरशी घासाघीस, ॲडव्हान्स, उशिराचा धोका, हिशेब! मी रोज भोसरीत बसून दुसरं काय करते? आणि हे सगळं तिने 'नाटक' या एका शब्दात गुंडाळलं होतं.

ढोल-ताशा पथकात शंभर जणांच्या सरावाचं वेळापत्रक सांभाळणारा, 'कमवा आणि शिका' योजनेत कॉलेजच्या विभागाच्या ऑफिसात फायली लावणारी, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब ठेवणारा, सगळ्यांची हीच कथा. 'लीडरशिप' खोडा. त्या जागी काय केलं, किती जणांसाठी, किती पैशांत, किती दिवसांत, एवढं एका ओळीत लिहा. आकडे फुगवू नका, आम्ही पुढचा प्रश्न त्यावरच विचारतो.

जपानी एन-फाइव्हवर थांबणं

पुण्यात जर्मन आणि जपानी कंपन्या आहेत, त्यामुळे भाषा शिकण्याचा सल्ला प्रत्येक काका देतो. सल्ला चांगला आहे, पण अर्धवट. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत पाच पायऱ्या असतात आणि एन-फाइव्ह ही सगळ्यात खालची. त्यावर दुभाष्याचं किंवा भाषांतराचं काम मिळत नाही. ज्या जागांसाठी भाषेचे जास्त पैसे मिळतात, तिथे एन-थ्री, बहुतेकदा एन-टू मागतात. तिथवर जायला काही वर्षं लागतात, म्हणून सुरुवात पहिल्या वर्षाला हवी. तेवढा धीर नसेल तर हौस म्हणून शिका, बायोडेटाचा आधार म्हणून नको.

इंग्रजीची भीती वेगळी. त्यासाठी क्लास लावण्याआधी स्वतःचं काम तीन मिनिटांत इंग्रजीत सांगून फोनवर रेकॉर्ड करा. रोज एकदा, महिनाभर. पहिली रेकॉर्डिंग पुसू नका.

'नाहीतर एमपीएससी आहेच'

नवी पेठेतल्या अभ्यासिकांत जिद्दीने बसणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. माझा चुलतभाऊ त्यातलाच. मी बोलतेय ते दुसरं काही सुचत नाही म्हणून तिकडे वळणाऱ्यांबद्दल. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, आणि ही लांबच लांब मुदतच घात करते. किती वेळा द्यायची ते फॉर्म भरण्याआधी घरच्यांच्या समोर ठरवा. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा आपल्याला हे जमेल का, हे कॉलेजात असतानाच तपासता येतं: रविवारी घड्याळ लावून तीन उत्तरं हाताने लिहायची आणि शिक्षकांना दाखवायची. दोन महिन्यांत ते लिहिणं नकोसं झालं, तर ते आत्ता कळलेलं बरं.

शेवटचं वर्ष उजाडलं आणि हातात काहीच नाही

असे फोन मला ओळखीतून दर डिसेंबरला येतात. तेव्हा मी विकतच्या इंटर्नशिपपासून आधी लांब ठेवते. पैसे भरून घरबसल्या मिळणारी ती सर्टिफिकेटं आम्हाला बघताक्षणी ओळखू येतात, "तुझ्या वरचे साहेब रोज काय काम करायचे?" एवढं विचारलं की पुरतं.

त्यापेक्षा लहान जागा शोधा. मोठ्या कंपनीत महिनाभर प्रेझेंटेशनं बघायला मिळतात, बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये तिसऱ्या दिवशी स्टॉक मोजायला बसवतात. कॉमर्सवाल्यांनी जवळच्या सीएच्या ऑफिसात जीएसटीच्या नोंदी कराव्यात. सीनियरला मेसेज करताना "सर, जॉब असेल तर सांगा" लिहू नका, त्याला उत्तरच नसतं. "तुम्ही क्वालिटीमध्ये आहात, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुरुवातीला तुम्हाला कुठलं मोजमाप शिकावं लागलं?" असं विचारा. याचं उत्तर लोक पीएमपीच्या बसमध्ये उभ्या उभ्या देतात, आणि जागेची गोष्ट पुढे त्यांच्याच तोंडून निघते.

वर्कशॉपांत प्रत्यक्ष जाऊन विचारायला लाजू नका, मात्र दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा, बायोडेटाच्या दोन प्रती घेऊन. आणि गुरुवारी जाऊ नका, त्या दिवशी भोसरीतली बरीच शटरं बंद असतात.