टीव्हीवर मॅच आणि रेडिओची कॉमेंट्री, दोन्ही एकाच रिसीव्हरवर

मॅच टीव्हीवर बघायची पण कॉमेंट्री रेडिओचीच ऐकायची, असे लोक अजून भरपूर आहेत आणि मीही त्यातलाच. रेडिओवाल्याला बॉल कुठे गेला, कोण धावलं, सगळं तोंडाने सांगावंच लागतं, म्हणून ते ऐकायला मजा येते. बाळ ज. पंडितांचं मराठी धावतं समालोचन ऐकलेल्यांना तर हे समजवायलाच नको. घरात होम थिएटरचा रिसीव्हर (ज्या डब्याला डीटीएच, टीव्ही आणि स्पीकर जोडलेले असतात तो) असेल तर शेजारी ट्रान्झिस्टर ठेवायची गरज नाही, चित्र डीटीएच बॉक्सचं आणि आवाज दुसरीकडचा असं आरामात जमतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. रिमोटवर सॅट, डीव्हीडी, गेम अशी जी बटणं असतात ती नुसती नावं आहेत. प्रत्येक नावामागे एक व्हिडिओचं सॉकेट आणि एक ऑडिओचं सॉकेट अशी जोडी असते, आणि ही जोडी मेनूत जाऊन बदलता येते.

सगळ्यात सोपं म्हणजे रिसीव्हरमधलाच एफएम ट्यूनर वापरायचा. बऱ्याच रिसीव्हरवर आधी डीटीएचचं इनपुट लावून मग ट्यूनर दाबला की आधीचं चित्र तसंच राहतं. नाही राहिलं तर ट्यूनर चालू असताना ऑप्शन बटण दाबा, यामाहा कंपनीच्या रिसीव्हरमध्ये 'व्हिडिओ आउट' आणि डेनॉनच्या रिसीव्हरमध्ये 'व्हिडिओ सिलेक्ट' नावाची सेटिंग मिळते, त्यात डीटीएचचं इनपुट निवडा, झालं.

आवाज फोनवरून किंवा जुन्या रेडिओच्या हेडफोन सॉकेटमधून घ्यायचा असेल तर ३.५ एमएमची पिन एका बाजूला आणि लाल-पांढऱ्या आरसीए पिना दुसऱ्या बाजूला अशी वायर घ्या, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ती मागच्या ऑडिओ सॉकेटमध्ये लावा आणि मेनूतल्या 'इनपुट असाइन'मध्ये जाऊन सॅटच्या (म्हणजे तुमचा डीटीएच ज्या नावावर आहे त्या) रांगेत एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही आणणारी वायर, तसंच ठेवून अ‍ॅनालॉगच्या रकान्यात तुमचं सॉकेट निवडा. यामाहात हेच काम 'ऑडिओ इन'मधून होतं. ऑप्टिकल वायर (उजेडातून डिजिटल आवाज नेणारी) वापरणार असाल तर नव्या वायरच्या टोकांवर बारीक पारदर्शक टोपी असते ती काढा, आणि दुसरं टोक तळहातासमोर धरून बघा, लाल उजेड दिसला की आवाज निघतोय.

आता इथे बरेच लोक अडकतात. सगळं बरोबर लावलेलं असतं तरी आवाज टीव्हीवरच्या कॉमेंट्रीचाच येतो, कारण 'इनपुट मोड' ऑटोवर असतो आणि ऑटोमध्ये रिसीव्हर आधी एचडीएमआयचा आवाज बघतो, तो मिळाला की डिजिटल किंवा अ‍ॅनालॉग सॉकेटकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून मोड हाताने टाकायचा, लाल-पांढरी वायर असेल तर अ‍ॅनालॉगवर, ऑप्टिकल असेल तर डिजिटलवर.

मॅच टीव्हीतल्याच अ‍ॅपवर बघत असाल तर चित्र रिसीव्हरमधून जातच नाही, त्यामुळे रिसीव्हर फक्त ट्यूनरवर किंवा ब्लूटूथवर ठेवायचा. टीव्ही रिसीव्हरला पुन्हा पुन्हा स्वतःच्या इनपुटवर ओढत असेल तर एचडीएमआय कंट्रोल (ज्याने टीव्ही रिसीव्हरला हुकूम देतो ती सेटिंग) तेवढ्यापुरता बंद करा. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बोलायला लागले तर ते म्यूट करा.

खरी कसोटी म्हणजे टायमिंग. डीटीएचचा सिग्नल सुमारे ३६,००० किलोमीटर वर उपग्रहापर्यंत जाऊन परत येतो, त्यातच पाव सेकंद जातो, वर एन्कोडिंग (चित्र पाठवण्याआधी दाबून लहान करणं) आणि बॉक्सचा वेळ, म्हणून रेडिओवर विकेट पडलेली असते आणि टीव्हीवर बोलर अजून रनअपला असतो. अ‍ॅपवर बघत असाल तर फरक आणखी वाढतो. रिसीव्हरमधलं 'ऑडिओ डिले' किंवा 'लिपसिंक' आवाज उशिरा सोडतं खरं, पण ते मिलिसेकंदात, फार तर अर्ध्या सेकंदापर्यंत, त्यामुळे काही सेकंदांचा फरक त्याने भरून निघत नाही.

नियम एकच, जो पुढे आहे त्याला थांबवायचं. एफएमला थांबवता येत नाही, म्हणून तीच कॉमेंट्री फोनवर नेटवरून मिळत असेल तर ती घ्या, ती बहुतेक वेळा एफएमपेक्षा उशिरा येते. मग चित्र पुढे असेल तर बोलर बॉल टाकतो त्या क्षणी रेकॉर्डिंगवाल्या डीटीएच बॉक्सला पॉज द्यायचा आणि कॉमेंटेटर बॉल टाकल्याचं म्हणाला की प्ले दाबायचं. फोर बसल्यावर गर्दीचा जो आवाज होतो त्यावर जुळवणं सगळ्यात सोपं जातं. आवाज किंचित पुढे राहिला तर तेवढा ऑडिओ डिलेने मागे घ्या, आवाज मागे असेल तर मात्र डिले शून्य करून चित्रच परत थांबवा. नेटवरचा आवाज मध्येच बफर झाला की हे पुन्हा करावं लागतं.

मॅच संपली की इनपुट मोड आठवणीने परत ऑटोवर टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सिरियल लावल्यावर चित्र येतं, आवाज येत नाही आणि घरातले सगळे वायर हलवत बसतात.