जुनी कोरीव जॅझ गिटार: पारखावी कशी, भाव ठरवावा कसा

इंदूरच्या जुन्या वस्तूंच्या शौकिनांना महूचा रस्ता सांगावा लागत नाही. छावणीतल्या एखाद्या बंगल्याचं सामान निघालं की ग्रामोफोन, चिनी मातीची भांडी, भिंतीवरची घड्याळं यांच्या गर्दीत क्वचित एक काळी पेटी सापडते. आत गिटार असते: पोट फुगीर, व्हायोलिनसारखी इंग्रजी ‘एफ’च्या आकाराची दोन भोकं, तारा थेट बुडाशी धातूच्या पट्टीला अडकवलेल्या. विकणारा म्हणतो, “अमेरिकन आहे साहेब, गिब्सन,” आणि मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी दुकानातला भाव दाखवतो. तो भाव खोटा नसतो. तो याच गिटारीचा आहे का, हे मात्र डोक्यावरचं नाव वाचून कळत नाही. ते लाकडात आणि त्या लाकडावर पुढे झालेल्या कापाकापीत बघावं लागतं. म्हणून नाव सगळ्यात शेवटी वाचायचं.

या जातीला आर्चटॉप म्हणतात. सतारवाले जिला तबली म्हणतात ती वरची फळी इथे स्प्रूसच्या जाड पाचरी जोडून, व्हायोलिनसारखी कोरून काढलेली असते. पाठ मेपलची, तीही कोरलेली. ऑरव्हिल गिब्सनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत मँडोलिन-गिटारीला लावली. १९२२ मध्ये गिब्सन कंपनीत लॉइड लोअरच्या हाताखाली एल-५ तयार झाली आणि गिटारीवर एफ-भोकं आली. ट्रम्पेट-सॅक्सोफोनच्या गलक्यातून अॅम्प्लिफायरशिवाय ऐकू जाईल अशी गिटार तेव्हाच्या नाचाच्या ऑर्केस्ट्रांना हवी होती. १९३४ ची सुपर ४०० तर १८ इंच रुंद होती, आणि नावातला आकडा हीच तिची डॉलरमधली किंमत.

एकट्या कारागिराच्या हातची म्हणावी तर पहिलं नाव जॉन डी’अँजेलिकोचं. १९३२ मध्ये त्याने न्यूयॉर्कात स्वतःचं दुकान काढलं आणि १९६४ मध्ये मरेपर्यंतच्या त्याच्या गिटारींचा आकडा १,१६४ भरतो. त्याचा शागीर्द जिमी डी’अॅक्विस्टो याने पुढे ती परंपरा चालवली. बॉस्टनच्या एल्मर स्ट्रॉमबर्गची मास्टर ४०० तर १९ इंची. यातली सुस्थितीतली अस्सल गिटार पाच आकडी डॉलरांत जाते. महूच्या बंगल्यात ती निघणं म्हणजे लॉटरीच. निघालीच तर जर्मन ह्योफनर किंवा फ्रामुस निघण्याचा संभव जास्त. विलायतेत त्या काळी ह्योफनरच्या ‘प्रेसिडेंट’, ‘सेनेटर’, ‘कमिटी’ या गिटारी भरपूर खपत होत्या. नाहीतर कोलकात्याची गिटार. तिथल्या ‘गिव्हसन’ या ब्रँडचं नाव गिब्सनपेक्षा एकाच अक्षराने वेगळं आहे. अंधाऱ्या खोलीत आणि उतावीळ डोळ्यांना तेवढा फरक दिसत नाही.

१. टॉर्च आणि छोटा आरसा

मोबाइलचा टॉर्च आणि दातांचे डॉक्टर वापरतात तसला दांडीचा आरसा, एवढं खिशात असलं तरी निम्मं काम होतं. टॉर्च एफ-भोकाच्या कडेवर तिरपा धरा. फळीच्या पृष्ठभागावरच्या बारीक उभ्या रेषा कडेवरून खाली, जाडीत उतरत गेलेल्या दिसल्या तर लाकूड अख्खं आहे. कडेत पापुद्र्यांसारखे दोन-तीन थर दिसले, मधला थर आडवा, तर ते प्लाय. कडेला रंगाचा जाड लेप असेल तर मुद्दाम थांबा आणि आतल्या बाजूची कड आरशात बघा, तिथे सहसा रंग पोचलेला नसतो.

अख्खं लाकूड म्हणजे कोरलेलंच असंही नाही. स्वस्त गिटारींत पातळ फळी वाफेवर दाबून फुगवतात. कोरलेल्या फळीची जाडी मध्यापासून कडेकडे बदलत जाते, दाबलेलीची सगळीकडे जवळपास सारखी. एफ-भोकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी जाडी ताडून बघितली की अंदाज येतो. प्लाय दिसला म्हणून लगेच नाक मुरडू नका. १९४९ ची गिब्सन ईएस-१७५ ठरवून प्लायचीच केलेली आहे आणि जॅझवाले तिच्यासाठी चांगले पैसे मोजतात. फक्त तिला कोरीव गिटारीचा भाव देऊ नये.

आरसा आत घालून फळीखालच्या दोन पट्ट्याही बघा. समांतर असतील तर आवाज टोकदार, फुलीसारख्या असतील तर जरा गोल आणि मऊ. त्या सुटल्या असतील तर बोटाच्या पेराने फळीवर टकटक केल्यावर एका जागी फुटक्या मडक्यासारखा आवाज येतो. सुटलेली पट्टी पुन्हा चिकटवता येते, त्यापायी सौदा मोडू नका. भाव पाडायला मात्र वापरा.

२. तरफांची भोकं

ही तपासणी परदेशी मार्गदर्शकांत सापडणार नाही, आणि आपल्याकडे तीच सगळ्यात महत्त्वाची. हिंदुस्थानी संगीतात गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची चाल पडली. पंडित ब्रिजभूषण काब्रा गिब्सनची सुपर ४०० याच पद्धतीने वाजवत. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा हेही आर्चटॉप गिटारीचंच बदललेलं रूप. तारा मांडीवर उंच हव्यात, त्यामुळे नट, म्हणजे डोक्याशी तारा टेकतात ती पट्टी, उंच केला जातो, चिकारी (तालासाठी छेडायच्या तारा) आणि तरफा (खालून आपोआप झिणझिणणाऱ्या तारा) लावायच्या म्हणून मानेच्या कडेला जादा खुंट्या बसवल्या जातात. वादकाच्या दृष्टीने हे सगळं योग्यच. जॅझसाठी गिटार शोधणाऱ्याला मात्र भोकं पाडलेली मान नको असते.

तेव्हा मानेच्या दोन्ही कडांवरून नख फिरवा. बुजवलेलं भोक डोळ्याला दिसलं नाही तरी नखाला लागतं. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, गुळगुळीत नवेकोरे आणि बाकी गिटार जुनाट असेल तर ती आयुष्यभर कांडीनेच वाजली असण्याचा संभव आहे. तो फायदाच समजा, कारण फ्रेट झिजलेले नाहीत. उंच नट काढून साधा बसवणं हे किरकोळ काम आहे. ब्रिज, म्हणजे आपली घोडी, कुठल्याही आर्चटॉपवर चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी असते. त्यामुळे घोडी बदलली असेल तरी बिघडत नाही, मूळची पेटीच्या कप्प्यात पडली आहे का ते विचारा. भोक, खाच, कापलेली तबली हे मात्र परत येत नाही.

३. तबली बसली आहे का, मान उठली आहे का

साध्या गिटारीत तारा घोडीला वर ओढतात, इथे खाली दाबतात. पन्नास-साठ वर्षं तो दाब सोसून तबली घोडीखाली खचू शकते. लाकडी फूटपट्टी फळीवर आडवी धरा. घोडीच्या दोन्ही पायांशी खड्डा जाणवला तर सावध. थोडा उतार चालतो. खड्ड्यालगत चीर असेल तर ती गिटार भिंतीवर टांगायला घ्या किंवा सोडून द्या.

मग बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मोजा. २ मिलिमीटरच्या आसपास असेल तर उत्तम. उंची ४ आहे आणि घोडी वर-खाली करायच्या चकत्या आधीच तळाला टेकल्या आहेत, तर मानेचा कोन बिघडला. मान उतरवून नव्या कोनात बसवावी लागेल. जुन्या गिटारींत ती खाचेत सरसाने बसवलेली असते. सरस वाफेला आणि उष्णतेला सुटतो, त्यामुळे व्हायोलिनचं काम जाणणारा कारागीर हे करू शकतो. आधी कोणी तिथे इपॉक्सी ओतलं असेल तर कठीण, म्हणून मानेच्या बुडाशी काचेसारखा चकाकणारा ओघळ दिसतो का ते बघा. मान नीट बसवल्याने किंमत कमी होत नाही. फक्त तो खर्च तुमच्या हिशोबात आधी धरा.

४. पॉलिश आणि पिकगार्ड

नोटा तपासायचा जांभळा दिवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. अंधारात तो फिरवला की जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर पिवळट-हिरवट चमकतो आणि नंतर मारलेला रंग वेगळा उठून दिसतो. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं असेल तर घाबरू नका, ते लॅकरचं वय आहे. लाकडातली चीर वेगळी, ती रेषेरेषेने सरळ जाते आणि दाबली की हलते.

पिकगार्ड, म्हणजे तारांशेजारी फळी ओरखड्यांपासून जपणारी पट्टी, जुन्या सेल्युलॉइडचं असेल तर बोटाने जोरात घासून वास घ्या, कापराचा वास येतो. ते कुजायला लागलं की वास आंबट, झोंबणारा होतो, कडा पिठूळ होतात आणि त्या वाफेने शेजारचा सोन्याचा मुलामा हिरवा पडतो. डी’अँजेलिकोच्या गिटारींत हे नेहमीचं. असं पिकगार्ड काढून वेगळ्या हवेशीर डब्यात ठेवा. पण फेकू नका. तुटकं असलं तरी ते मूळचं आहे.

५. आता नाव आणि क्रमांक

गिब्सनचा क्रमांक एफ-भोकातून दिसणाऱ्या लेबलवर असतो, शिवाय काही काळच्या गिटारींत कारखान्याचा वेगळा क्रमांक आतल्या लाकडावर छापलेला असतो. दोन्ही एकाच काळाकडे बोट दाखवतात का ते पडताळा. डी’अँजेलिकोच्या वह्या टिकल्या आहेत, त्यामुळे त्याच्या गिटारीचा क्रमांक त्यांच्याशी ताडता येतो. त्याच्या नावाने आज कोरिया आणि इंडोनेशियात बनलेल्या गिटारीही विकल्या जातात आणि त्या वाईट नसतात, पण त्यांचा या वह्यांशी काही संबंध नाही. एपिफोन या गिटार-कंपनीचं तसंच. न्यूयॉर्कची जुनी एपिफोन वेगळी आणि १९५७ मध्ये कंपनी गिब्सनच्या मालकांकडे गेल्यानंतरची वेगळी.

कागदांचं महत्त्व इंदूरकरांना नव्याने सांगायला नको. यशवंतराव होळकरांच्या माणिकबाग महालातलं फर्निचर १९८० मध्ये मोनाकोत लिलावाला गेलं. कोणी आखलं, कुणासाठी केलं, कुठे ठेवलं होतं, हे सगळं ठाऊक असलेल्या वस्तूचं मोल वेगळंच असतं. गिटारीसोबत जुनी पावती, ऑर्केस्ट्रातला फोटो, दुरुस्तीची चिठ्ठी, काहीही असेल ते मागून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला संकोचू नका. “काकू, ही कोण वाजवायचं?” एवढ्या प्रश्नावर कधीकधी कपाटातून अल्बम निघतो.

६. भाव

मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं. परदेशी दुकानाच्या यादीत महिनोन्‌महिने पडून राहिलेला आकडा हा भाव नव्हे. त्याच मॉडेलची, त्याच दशकातली, प्रत्यक्ष विकली गेलेली गिटार कितीला गेली ते शोधा आणि तिथून उतरत या.

निर्दोष नगाला १०० धरा. पूर्ण नवं पॉलिश मारलं असेल तर व्यापारी ढोबळमानाने निम्मे करतात. डोकं तुटून जोडलेलं असेल तर तोटा त्याच तोडीचा. पिकअपसाठी, म्हणजे तारांचा आवाज अॅम्प्लिफायरला पोचवणाऱ्या उपकरणासाठी, कोरीव तबली कापली असेल तरीही मोठा फटका. याउलट पिकगार्डला किंवा मानेला लटकणारा तरंगता पिकअप लावला असेल तर काहीच बिघडत नाही, तो जुना, डीआर्मंड कंपनीचा असेल तर उलट भरच पडते. खुंट्या बदलल्या, टेलपीस (तारा अडकवायची बुडाची पट्टी) बदलला, तर थोडं कमी. मान बसवायचा खर्च, फ्रेटचा खर्च, चिरांचा खर्च हे टक्क्यांत धरू नका, कारागिराला विचारून रुपयांत वजा करा.

तरफांची भोकं पाडलेली गिटार मी जॅझच्या भावात मोजतच नाही. तिचं गिऱ्हाईक शास्त्रीय वाजवणारा. तो तबलीचा नाद आणि तार किती वेळ झिणझिणत राहते ते बघेल, क्रमांक बघणार नाही. त्याच्यासाठी ती चांगलीच असू शकते, पण म्हणून तिला परदेशातल्या मूळ स्थितीतल्या गिटारीची किंमत लावणं चूक.

उद्या बाहेर विकू, असा हिशोब धरला असेल तर फिंगरबोर्डचं, म्हणजे मानेवर फ्रेट बसवलेल्या पट्टीचं, लाकूड बघा. ब्राझिलियन शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारात सर्वांत कडक यादीत आहे आणि कागदांशिवाय सीमा ओलांडत नाही. इतर शिसवांच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. बाहेरून मागवणार असाल तर वापरलेल्या मालाच्या आयातीचे नियम नव्या मालाहून वेगळे असतात, पैसे पाठवण्याआधी कस्टमच्या एजंटाकडून ते लेखी घ्या.

सौदा बसत आला की पूर्ण रक्कम मोजू नका. इसार देऊन दोन दिवसांची मुदत मागा आणि गिटार कारागिराला दाखवा. ज्याला यावर राग येतो त्याच्याकडून गिटार घेऊ नये, असं माझं मत.

७. घरी आणताना

नेण्यापूर्वी घोडीच्या पायांशी कागदी चिकटपट्टीच्या खुणा करा. सगळ्या तारा एकदम काढल्या तर घोडी पडते आणि तिची जागा हरवते. तारा दोन-तीन सुरांनी सैल करा, पूर्ण नको, आणि घोडीच्या दोन्ही बाजूंना मऊ कापडाची घडी द्या. घरी आल्यावर बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हलक्या स्पर्शाचा सूर सारखा लागेपर्यंत घोडी पुढे-मागे सरकवा.

इंदूरचा मे कोरडा आणि श्रावण ओला, लाकडाला दोन्ही त्रासदायक. पेटीत आर्द्रता मोजायचा छोटा काटा ठेवा आणि तो ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात गिटार कधीही ठेवू नका: दिवसा ओलसर वारा, रात्री कूलर बंद झाला की कोरडं, आणि त्या ओढाताणीत सांधे सुटतात. वर्षानुवर्षं तारांविना पडलेल्या गिटारीला पहिल्याच दिवशी १३ गेजच्या जाड तारा चढवू नका. ११ च्या लावा, आठवडाभर सुरात ठेवा, फूटपट्टी पुन्हा फळीवर धरून बघा, आणि खड्डा वाढला नसेल तरच १२ वर जा.