छोट्या गाडीचे खरे अॅव्हरेज कसे काढावे

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीत कोणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात विरघळायच्या आत ‘अॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न येतो. उत्तर बहुधा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावरून किंवा डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावरून दिले जाते, आणि या दोहोंतला एकही आकडा आपल्या रस्त्यावर, आपल्या हातांनी मोजलेला नसतो. स्वतः मोजायला एक वही, एक पेन आणि दीड-दोन महिन्यांची चिकाटी पुरते.

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग कमी-जास्त करत ही चाचणी घेतली जाते. तिच्यात कमाल वेग ताशी 90 किलोमीटरच असतो आणि आजवर ती एसी बंद ठेवूनच होत आली आहे. दोन वेगवेगळ्या गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला आहे. मात्र खडे बाजारातली गर्दी, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागची रांग आणि चोर्ला घाटाचा चढ त्यात कुठेही नाही.

मोजायला सुरुवात करण्यापूर्वी टायरमधली हवा तपासून घ्यावी. ती गाडी थंड असताना, म्हणजे सकाळी घरातून निघाल्याबरोबर जवळच्याच ठिकाणी पाहावी, आणि चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेला दाबच भरून घ्यावा. पंक्चरवाला सवयीने सगळ्यांना एकच आकडा भरतो, म्हणून आपला आकडा आपणच सांगावा. हवा कमी असेल तर पुढची सगळी मोजणी वाया जाते.

आता मुख्य काम. नेहमीचा एक पंप निवडावा आणि शक्यतो त्याच यंत्रावर, गाडी त्याच दिशेला तोंड करून, सपाट जागी उभी करावी. टाकी पूर्ण भरायला सांगावी आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की तिथेच थांबवावे. पंपावरचा मुलगा रक्कम पूर्ण करण्यासाठी आणखी थोडे घालू पाहतो. त्याला ‘साकु’ (कन्नडमध्ये ‘पुरे’) म्हणून हात वर करावा. त्या वरच्या पेट्रोलाने मोजणी बिघडतेच, शिवाय टाकीतली वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरून तो खराब होऊ शकतो. भरून झाल्यावर ट्रिप मीटर शून्यावर आणावा. टाकी पाव उरेपर्यंत गाडी नेहमीसारखी चालवावी, पुन्हा त्याच पंपावर तशीच भरावी आणि ट्रिप मीटरवरच्या किलोमीटरना या वेळी बसलेल्या लिटरनी भागावे. लिटर पावतीवरून घ्यावेत, रकमेवरून नव्हे, कारण राज्यांच्या करांमुळे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडचा आणि पलीकडचा दर एक नसतो.

पाचशे रुपयांचे पेट्रोल घालून अॅव्हरेज काढणे सोडून द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. तेवढ्यात जेमतेम पाच लिटर येते. भरण्याच्या पातळीत अर्ध्या लिटरचा फरक पडला तर हिशेब दहा टक्क्यांनी चुकतो. तोच फरक पंचवीस लिटरवर दोन टक्के होतो. माझी पहिली मोजणी याच कारणाने फसली होती. एकदा उतारावरच्या पंपावर आणि नंतर सपाट पंपावर थोडे-थोडे भरून मी 21 चा आकडा घरात सगळ्यांना सांगितला आणि पुढच्याच वेळी 15 आला.

म्हणून किमान तीन टाक्या मोजाव्यात. माझ्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनाच्या गाडीच्या वहीतल्या ओळी अशा आहेत: 318 किलोमीटर, 20.1 लिटर, सगळे शहरातले, 15.8; 412 किलोमीटर, 23.4 लिटर, निपाणीच्या दोन फेऱ्या, 17.6; 387 किलोमीटर, 22.9 लिटर, मिश्र, 16.9. एकूण 1,117 किलोमीटर भागिले 66.4 लिटर, म्हणजे 16.8. सरासरी नेहमी अशी एकूण बेरजेवरून काढावी. त्याच काळात डॅशबोर्डवर 18 च्या पुढचा आकडा दिसत होता.

किलोमीटरची मोजणीही एकदा पडताळून पाहावी. महामार्गावर किलोमीटरचे दगड पाहून वीस किलोमीटर जावे. ट्रिप मीटर 20.6 दाखवत असेल तर तो तीन टक्के जास्त धावतो आहे आणि आपले अॅव्हरेज तेवढ्याच प्रमाणात खाली आणावे लागेल. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवलेल्यांनी तर हे केलेच पाहिजे.

आपल्या भागात सर्वांत जास्त फसवतो तो घाट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे. चोर्ल्याने गोव्यात उतरताना गाडी गिअरमध्ये असते आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, तेव्हा आजची इंजिने पेट्रोल जवळजवळ बंदच करतात आणि अॅव्हरेज पाहून मन हरखते. परतताना मात्र माणसांसह 1,100 किलोची गाडी सुमारे 700 मीटर वर चढवण्यासाठीच पाऊण ते एक लिटर पेट्रोल जादा लागते. त्यामुळे घाटाचा प्रवास जाऊन-येऊनच मोजावा. उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांना तर कळकळीने सांगावेसे वाटते की त्याने पेट्रोल वाचत नाही, कारण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतेच, आणि इंजिनाचा आधार गेल्यामुळे ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका तेवढा वाढतो.

वहीत प्रत्येक टाकीपुढे रस्ता, एसी, माणसे आणि वेग यांची एक ओळ लिहावी. आकड्यातला चढ-उतार त्यातूनच उलगडतो. महामार्गावर ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास हवेचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. छोटे पेट्रोल इंजिन नुसते उभे असताना तासाला सुमारे पाऊण लिटर खाते, तेव्हा टिळकवाडीच्या रेल्वे फाटकावर दहा मिनिटे इंजिन चालू ठेवले तर दोन किलोमीटरचे पेट्रोल जळून जाते. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचाही विचार करावा. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाला त्यातून बाजार मिळतो ही चांगली गोष्ट आहे, पण त्यात पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. जुन्या वहीतल्या आकड्यांशी तुलना करताना हे ध्यानात ठेवावे.

रस्ता आणि चालवण्याची पद्धत तीच असूनही सलग दोन-तीन टाक्या अॅव्हरेज दोनने घसरले, तर आधी हवा आणि एअर फिल्टर पाहावा. मग दहा-बारा किलोमीटर जाऊन आल्यावर चारही चाकांजवळ हात न टेकवता नेऊन बघावे. एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेले जाणवले तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे असे समजावे, आणि गाडी मेकॅनिककडे नेताना वहीही सोबत न्यावी.